चौथा रकाना : जन्म-मृत्यू मोजण्याचा आपला इतिहास

भारताचा अर्भक मृत्युदर १९७१ मध्ये हजारी १२९ होता आणि २०२० मध्ये तो २८ वर आला. सार्वजनिक आरोग्य, लोकसंख्याशास्त्र किंवा पोषण यांपैकी कुठल्याही विषयात संशोधन करायचं ठरवलं असेल, तर हे वाक्य तुम्ही वाचलेलं असणार. कदाचित सिनॉप्सिसच्या पहिल्या परिच्छेदात लिहिलेलंही असेल. त्यापुढे कंसात संदर्भ टाकला की आपलं काम संपलं, असं आपल्याला वाटतं.

पण जरा थांबा आणि एक साधा प्रश्न विचारा : हे मोजलं कुणी? देशात दरवर्षी दोन कोटींहून जास्त बाळं जन्माला येतात. त्यातलं एखादं बाळ दुर्गम पाड्यावर, घरातच, जन्मल्यानंतर सहा तासांत गेलं, तर ते त्या '२८' मध्ये आलं का? आलं असेल तर कुठल्या वाटेनं आलं?

या प्रश्नाचा इतिहास आपल्याकडे फारसा शिकवला जात नाही. संशोधन पद्धतीच्या पेपरात सॅम्पलिंगचे प्रकार पाठ करून घेतात, पण आपला डेटा जिथून येतो त्या यंत्रणा का उभ्या राहिल्या, हे कुणी सांगत नाही. म्हणून आज तेवढंच बघू.

गाव नमुना चौदा

ब्रिटिश काळात जन्म-मृत्यूची नोंद गावपातळीवर पाटील आणि कोतवाल यांच्याकडे असायची. आपल्याकडे ती नोंदवही 'कोतवाल बुक' किंवा 'गाव नमुना चौदा' म्हणून ओळखली जाते. जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांचा पुरावा शोधणारे लोक आजही तहसील कार्यालयात हीच जुनी, बऱ्याचदा मोडी लिपीतली, पानं चाळताना दिसतात.

१८८६ मध्ये जन्म, मृत्यू आणि विवाह नोंदणीचा कायदा आला, पण त्याखालची नोंदणी ऐच्छिक होती. आता तुम्हीच विचार करा, ऐच्छिक नोंदणी कोण करेल? ज्याला कागदाचा उपयोग आहे तो. घरातला कर्ता पुरुष गेला तर जमिनीवर वारसांची नावं लावायची असतात, म्हणून त्याच्या मृत्यूची नोंद करायला घरचे जातात. दहा दिवसांच्या मुलीच्या नावावर काहीच नसतं. तिच्या मृत्यूचा दाखला कुणाला लागणार? म्हणजे नोंदणीतून सुटलेले मृत्यू इकडेतिकडे योगायोगानं सुटलेले नव्हते. लहान मुलं, बायका आणि भूमिहीन जास्त सुटत होते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो परत परत येणार आहे.

दुसरं कारण भीतीचं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९७ चा साथरोग कायदा आला आणि घरझडत्या, सक्तीनं इस्पितळात नेणं, सामान जाळणं हे सगळं सुरू झालं. लोकांनी आजारी माणसं लपवली, मृत्यू लपवले, हजारोंनी शहर सोडलं. मृत्यू कळवला की घरावर संकट येतं, असं एकदा ठरलं की नोंदवही कोरी राहते. ती कोरी आहे याचा अर्थ गावात सगळं ठीक आहे असा होत नाही.

तिसरं कारण यंत्रणेचंच. १९१८ च्या इन्फ्लुएंझात नोंद ठेवणारी माणसंच आजारी पडली, काही गेली. जेव्हा सर्वात जास्त माणसं मरत होती, नेमकी तेव्हाच मोजणी कोलमडली. त्या साथीत भारतात किती माणसं गेली याचे वेगवेगळ्या अभ्यासकांचे अंदाज साधारण १ कोटी २० लाखांपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत जातात. फरक बघा : ६० लाख माणसं 'असावीत की नसावीत' या रकान्यात.

१९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीनं १९४६ मध्ये अहवाल दिला, तेव्हा देशाच्या आरोग्याची योजना आखायला बसलेल्या या समितीलाही जन्म-मृत्यूच्या आकडेवारीतल्या उणिवा नोंदवाव्या लागल्या.

सिंगूरमधला प्रयोग

आता बंगालमध्ये चला. कलकत्त्याजवळ, हुगळी जिल्ह्यात सिंगूर नावाचं ठिकाण आहे. तिथे एक आरोग्य केंद्र होतं आणि त्या भागात जन्म-मृत्यूची नोंद होत असे. १९४७ मध्ये तिथे घरोघर जाऊन चौकशी केली गेली : गेल्या दोन वर्षांत तुमच्या घरात कोण जन्मलं, कोण गेलं? मग ही यादी आणि नोंदवहीतली यादी शेजारी शेजारी ठेवून एकेक नाव जुळवलं.

या कामामागे होते सी. चंद्रशेखरन. त्यांच्यासोबत होते अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग, जे पुढे जपानी कारखान्यांतल्या गुणवत्ता नियंत्रणासाठी जगभर प्रसिद्ध झाले. मॅनेजमेंटवाले त्यांना ओळखतात, पण लोकसंख्याशास्त्रातलं त्यांचं हे काम कमी जणांना माहीत असतं. दोघांचा शोधनिबंध १९४९ मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये आला. चंद्रशेखरन नंतर मुंबईतल्या लोकसंख्या प्रशिक्षण आणि संशोधन केंद्राचे संचालक झाले. १९५६ मध्ये सुरू झालेलं हे केंद्र म्हणजेच आजची देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, आपली आयआयपीएस.

त्यांची कल्पना एका काल्पनिक उदाहरणातून समजून घेऊ. गणित आठवीचं आहे, घाबरू नका.

एका गावाच्या नोंदवहीत वर्षभरात ४० जन्म आहेत. घरोघरच्या सर्व्हेत ३५ जन्म सापडले. नावं जुळवली तर २८ जन्म दोन्हीकडे आहेत. म्हणजे १२ जन्म फक्त नोंदवहीत आणि ७ जन्म फक्त सर्व्हेत. हे झाले तीन रकाने. चौथा रकाना असतो दोन्ही याद्यांतून सुटलेल्यांचा. तो तर कुणालाच दिसत नाही, मग तो भरायचा कसा?

असा विचार करा. सर्व्हेला सापडलेल्या ३५ पैकी २८ नोंदवहीत होते, म्हणजे नोंदवही ८० टक्के जन्म पकडते. मग नोंदवहीतले ४० हे एकूण जन्मांच्या ८० टक्के असणार. एकूण जन्म ५०. चौथ्या रकान्यात ३. थेट सूत्रानंही हेच येतं : १२ गुणिले ७ भागिले २८.

प्राणिशास्त्र किंवा इकॉलॉजी केलेल्यांना हे ओळखीचं वाटलं असेल. तळ्यातले मासे पकडायचे, खूण करून सोडायचे, पुन्हा जाळं टाकायचं आणि खुणेचे किती आले ते बघायचं. तीच युक्ती. फक्त इथे मासे नाहीत, माणसं आहेत आणि गोम तिथेच आहे.

हे सूत्र एका गृहीतकावर उभं आहे : दोन्ही याद्या एकमेकींपासून स्वतंत्र असल्या पाहिजेत. समजा सर्व्हे करणाऱ्यानं आळस केला आणि नोंदवहीतूनच नावं उतरवून घेतली. सगळी नावं जुळतील, चौथा रकाना शून्य येईल आणि कागदावर गाव आदर्श ठरेल. किंवा समजा, कुणी आळस केला नाही, पण गावाबाहेरच्या वस्तीवर नोंदवहीवालाही जात नाही आणि सर्व्हेवालाही जात नाही. दोघांचीही नजर एकाच ठिकाणी आंधळी. तरीही याद्या छान जुळतील आणि चौथा रकाना खऱ्यापेक्षा लहान दिसेल.

चंद्रशेखरन आणि डेमिंग यांना ही अडचण माहीत होती. त्यांचा उपाय असा की वय, लिंग, परिसर यांप्रमाणे लोकसंख्येचे सारखे सारखे गट पाडायचे, प्रत्येक गटाचं गणित वेगळं करायचं आणि मग बेरीज घ्यायची. त्यानं दोष कमी होतो, पण संपत नाही. माझ्या मते, संशोधनाला सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला भारतातल्या आरोग्य आकडेवारीबद्दल एकच गोष्ट शिकवायची असेल तर ती हीच : पहिले तीन रकाने यंत्रणेबद्दल सांगतात, चौथा रकाना समाजाबद्दल सांगतो.

एसआरएस : शिक्षक आणि पर्यवेक्षक

स्वातंत्र्यानंतर प्रश्न निकडीचा झाला. कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम राबवायचा आणि जन्मदर किती आहे हेच माहीत नाही, असं कसं चालेल? दर दहा वर्षांनी येणाऱ्या जनगणनेवरून मागे वळून अंदाज बांधता येतो, पण धोरणाला दरवर्षीचा आकडा लागतो.

म्हणून दोन वाटा काढल्या गेल्या. एक कायद्याची : १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, ज्यानं नोंदणी देशभर सक्तीची केली. घटना घडल्यापासून २१ दिवसांत कळवायची. आपल्याकडे खेड्यात ते काम ग्रामसेवकाकडे आलं. दुसरी वाट नमुन्याची : नमुना नोंदणी पद्धत, म्हणजे एसआरएस. भारताच्या महानिबंधकांच्या कार्यालयानं १९६४-६५ मध्ये ती प्रायोगिक पातळीवर सुरू केली आणि १९६९-७० पर्यंत ती देशभर पूर्ण स्वरूपात आली.

एसआरएसचा सांगाडा सिंगूरचाच आहे. देशातून काही गावं आणि शहरातले काही भाग नमुना म्हणून निवडतात. प्रत्येक ठिकाणी तिथलाच एक अर्धवेळ प्रगणक असतो, बहुधा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका. तो वर्षभर जन्म-मृत्यू टिपत राहतो. दर सहा महिन्यांनी एक पूर्णवेळ पर्यवेक्षक येतो आणि प्रगणकाच्या नोंदींवर न विसंबता घरोघर स्वतंत्र चौकशी करतो. मग दोन्ही याद्या जुळवतात. न जुळलेल्या नोंदी पुन्हा जागेवर जाऊन तपासतात. २०११ च्या जनगणनेवर आधारलेल्या नमुन्यात अशी साडेआठ हजारांहून जास्त ठिकाणं आहेत.

इथे एक बारकावा बघा, तो व्हायव्हात उपयोगी पडेल. एसआरएस याद्या जुळवते, फरक तपासते आणि खातरजमा झालेल्या घटनांची बेरीज घेते. पण चौथ्या रकान्याचा अंदाज सूत्रानं काढून त्यात मिळवत नाही. म्हणजे दोघांनाही न सापडलेलं बाळ त्या '२८' मध्ये नाही.

आणि हे 'दोघांनाही न सापडणं' कसं घडत असेल? मराठवाड्यातलं ऊसतोड कामगाराचं घर डोळ्यांसमोर आणा. दसरा-दिवाळीनंतर कुटुंब कारखान्याच्या पट्ट्यात जातं आणि पट्टा पडल्यावर, उन्हाळ्यात परततं. मधल्या काळात पालावर बाळ जन्मलं आणि गेलं, तर गावातल्या प्रगणकाला ते दिसलं नाही, हिवाळ्यातल्या फेरीत पर्यवेक्षकाला घराला कुलूप दिसलं आणि कारखान्याजवळचं गाव त्यांना आपलं मानत नाही. परत आल्यावर कुणी विचारलं आणि आईनं सांगितलं, तरच ते बाळ आकड्यात येणार. दुसरं उदाहरण घरोघरचं : पहिलं बाळंतपण माहेरी. नोंदणी कायद्यानं जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, एसआरएस मात्र ती नेहमीच्या राहत्या घराशी जोडते. त्यामुळे तुम्ही जिल्ह्याच्या नोंदणीचे आकडे आणि एसआरएसचे दर शेजारी ठेवून 'विसंगती सापडली' असं लिहिलंत, तर परीक्षक हसतील. ती विसंगती नाही, दोन वेगळ्या व्याख्या आहेत.

एनएफएचएस : आठवणीतून मोजणी

तिसरी वाट तुमच्यापैकी बहुतेकांच्या लॅपटॉपवर आधीच असेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, म्हणजे एनएफएचएस. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकारानं १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू झालं आणि मोठ्या देशव्यापी सर्व्हेची सवय आपल्याला लागली. आरोग्यासाठी तसंच मोठं पाऊल पडलं १९९२-९३ मध्ये. आयआयपीएसच्या समन्वयानं झालेल्या पहिल्या एनएफएचएसमध्ये सुमारे ९० हजार स्त्रियांच्या मुलाखती झाल्या. चौथ्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, पहिल्यांदा देशातल्या सगळ्या, म्हणजे तेव्हाच्या ६४० जिल्ह्यांचे अंदाज मिळाले. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ६ लाख ३६ हजारांहून जास्त घरं आणि ७ लाख २४ हजार स्त्रिया होत्या.

एनएफएचएस नोंदवही ठेवत नाही. ती आईला विचारते. तुमची सगळी बाळंतपणं सांगा, पहिल्यापासून. मुलगा की मुलगी, कधी जन्मलं, जिवंत आहे का, नसेल तर किती दिवसांचं असताना गेलं. आणि त्यात एक खास प्रश्न असतो : जन्मल्यावर रडलं किंवा जिवंत असल्याची काही खूण दिसली, पण नंतर राहिलं नाही, असं कुणी बाळ होतं का?

हा प्रश्न का, हे कळलं की अख्खी पद्धत कळते. बाळ रडलं आणि गेलं तर तो नवजात मृत्यू. रडलंच नाही तर मृतजन्म. अर्भक मृत्युदरात पहिला येतो, दुसरा येत नाही. आणि हा फरक ठरवणार कोण? चार वर्षांपूर्वीच्या त्या रात्रीबद्दल एका अनोळखी मुलाखतकर्तीला, कदाचित सासूच्या समोर, उत्तर देणारी आई. आपण ज्याला 'व्हेरिएबल' म्हणतो ते असं तयार होतं. शिवाय जी आई स्वतःच बाळंतपणात गेली, तिला विचारायला कुणी नाही. तिच्या बाळाचं काय झालं, ते या पद्धतीत येत नाही.

घराच्या यादीचंही तसंच. पाचव्या फेरीचे निष्कर्ष आले तेव्हा 'हजार पुरुषांमागे १०२० स्त्रिया' हा मथळा देशभर गाजला. २०११ च्या जनगणनेत हे प्रमाण ९४३ होतं. दहा वर्षांत एवढी उडी? तो आकडा सर्व्हेच्या आदल्या रात्री त्या घरात मुक्कामी असलेल्या माणसांवरून काढलेला होता. कामासाठी परगावी गेलेले, बराकीत, वसतिगृहात किंवा रस्त्यावर झोपणारे त्यात नाहीत आणि त्यांत पुरुष जास्त असतात. त्याच अहवालात जन्मवेळचं प्रमाण ९२९ होतं, त्याचा मथळा क्वचितच झाला. सर्व्हे चुकीचा नव्हता. वाचणाऱ्यांनी चौथा रकाना विचारात घेतला नव्हता.

रकाना उघडला की काय होतं

हे सगळं फक्त पद्धतीच्या तासाचं आहे असं वाटत असेल तर दोन उदाहरणं बघा.

पहिलं आपल्या राज्यातलं. गडचिरोलीत काम करणाऱ्या डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेसह राज्यातल्या १३ स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या भागातले बालमृत्यू घरोघर मोजले. 'कोवळी पानगळ' नावानं हा अहवाल २००१ मध्ये आला. प्रत्यक्षात सापडलेले बालमृत्यू सरकारी यंत्रणेनं कळवलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त होते. पुढे शासनानं बालमृत्यूंवर मूल्यमापन समिती नेमली. बाळं काही अहवालामुळे मरायला लागली नव्हती, ती आधीही मरतच होती. पण मोजली गेल्यावर त्यांच्यावर विधानसभेत बोलावं लागलं.

दुसरं उदाहरण देशाचं. एसआरएसच्या घरांमध्ये झालेल्या मृत्यूंचं कारण शोधण्यासाठी डॉ. प्रभात झा आणि महानिबंधक कार्यालय यांनी 'मिलियन डेथ स्टडी' हाती घेतला. डॉक्टर नसताना झालेल्या मृत्यूबद्दल घरच्यांशी सविस्तर बोलायचं आणि त्या वर्णनावरून डॉक्टरांनी कारण ठरवायचं, ही ती 'व्हर्बल ऑटोप्सी'ची पद्धत. २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी लिहिलं की भारतात सत्तरीच्या आत वर्षाला सुमारे २ लाख ५ हजार मृत्यू मलेरियाचे असावेत. तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता १५ हजारांचा. त्या मृत्यूंपैकी ८६ टक्के कुठल्याही दवाखान्यात झालेलेच नव्हते. मग दवाखान्याच्या नोंदींत ते दिसणार कसे? संघटनेनं हरकत घेतली : नुसत्या तापाच्या वर्णनावरून मलेरिया ओळखता येतो का? ही हरकतही वजनदार आहे. पण वाद कशावर झाला ते बघा. तो होता घरात गेलेल्या, कुणीच न तपासलेल्या माणसांवर.

आता तुमचं काम

डेटा डाउनलोड करण्याआधी त्या फेरीची प्रश्नावली आणि मुलाखतकर्त्यांची मार्गदर्शिका वाचा. शक्य असेल तर मराठी प्रश्नावली मिळवा, कारण बाईनं जे ऐकलं ते मराठीत ऐकलं. 'नेहमीचा रहिवासी' म्हणजे कोण, 'जिवंत जन्म' म्हणजे काय, या व्याख्या वहीत लिहून काढा. नमुना कुठल्या जनगणनेवरून काढला ते बघा. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे अजूनही अनेक नमुने २०११ च्या यादीवर उभे आहेत. त्यानंतर शहरांच्या कडेला वाढलेल्या वस्त्या त्यात कितपत आल्या, हा प्रश्न तुम्हाला विचारता आला पाहिजे.

आणि सिनॉप्सिसमध्ये 'मर्यादा' नावाचं जे उपप्रकरण आपण शेवटच्या रात्री दोन ओळींत उरकतो, तिथे निदान एक परिच्छेद नीट लिहा : माझ्या डेटात कोण येऊ शकलेलं नाही आणि ते आले असते तर माझं उत्तर कुठल्या बाजूला सरकलं असतं. जास्त की कमी, एवढं तरी सांगा. सिंगूरमध्ये दोन याद्या शेजारी ठेवणाऱ्यांनी नेमकं हेच केलं होतं. दोन्ही याद्यांत नसलेल्यांसाठी त्यांनी कागदावर एक रकाना आखून ठेवला.